धन्वंतरी महालाची रीत

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांची दोनशे वर्षांपूर्वीची टिपणे आहेत. रुग्णाची तक्रार काय आणि त्यावर उपचार कोणता केला, हे त्यांत लिहून ठेवले आहे. जोडीला आजारी डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. ही टिपणे दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांच्या काळातली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा १७९८मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने त्याचा राज्यकारभार गेला. उरले ते आयुष्य त्याने विद्येला दिले. ‘धन्वंतरी महाल’ या आपल्या वैद्यकसंस्थेत त्याने आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले. अनुभवाला उतरलेली औषधे पुढे तमिळ पद्यात बांधली गेली. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ती आजही ओळखली जातात.

मनाच्या उपचारांचा विचार करताना मला ही टिपणे फार महत्त्वाची वाटतात. योग, बौद्ध ध्यान आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र यांची सांगड घालण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. ‘आपल्याकडे हे सगळे आधीपासून होतेच’ असे एकजण म्हणतो. ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले तेवढेच खरे’ असे दुसरा म्हणतो. सरफोजींच्या वैद्यांनी हा वाद बाजूला ठेवून रुग्णाकडे पाहिले आणि जे दिसले ते लिहिले.

मनाची साधना तंजावूरच्या कावेरीकाठाला नवी नाही. तिरुमंदिरम् रचणारे तिरुमूलर तिरुवावडुदुरैचे. त्यांच्या ग्रंथात अष्टांगयोग सविस्तर येतो. नागपट्टिणम् पूर्वी तंजावूर जिल्ह्यातच होते. तेथे अकराव्या शतकाच्या आरंभी श्रीविजयच्या राजाने चूडामणी विहार बांधला आणि शिवभक्त राजराज चोळाने त्याला आनैमंगलम् गावाचे उत्पन्न लावून दिले. त्या परिसरात १८५६पासून पुढच्या काळात बुद्धाच्या सुमारे साडेतीनशे धातुमूर्ती सापडल्या. विहाराचा उरलासुरला मनोरा मात्र १८६७मध्ये पाडला गेला, याची खंत वाटते. मराठ्यांच्या अमदानीत सदाशिव ब्रह्मेंद्र येथे वावरले. त्यांची कीर्तने दक्षिणेत घरोघरी गायली जातात, पण पतंजलीच्या सूत्रांवर त्यांनी ‘योगसुधाकर’ ही टीका लिहिली, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि रामदासी परंपरा. तंजावुरात भीमस्वामी, मन्नारगुडीला अनंतमौनी अशा समर्थशिष्यांनी येथे मठ उभे केले. त्यांच्यासोबत मनाचे श्लोकही आले. २०५ श्लोकांची ही रचना थेट मनाशी बोलते, त्याला समजावते, दटावते. स्वतःशी चाललेले बोलणे बदलले की भावना बदलते, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मानसोपचाराच्या पायाशी ठेवले. त्यांच्या पद्धतीला मराठीत आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. कि. मो. फडके यांनी तो महाराष्ट्रात रुजवला. ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी अनेक वर्षे संतविचार आणि हे मानसशास्त्र यांना एकमेकांशी बोलते करत आहेत. हे काम मोलाचे आहे. तरीही समर्थ आणि एलिस एकच सांगतात, असे म्हणणे दोघांवर अन्याय करणारे ठरेल. एलिस रुग्णाला त्याच्या समजुतीचा पुरावा मागतात, समर्थ मनाला रामाच्या पायाशी नेऊन बसवतात. श्रद्धा असलेल्या माणसाला समर्थांचा आधार पुरेल. श्रद्धा नसलेल्याच्या गळी तो उतरवू नये.

पुरावा गोळा करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासले. योगाची थोरवी गाणारे तेव्हाही पुष्कळ होते, मोजणारे विरळा. बौद्ध ध्यानाचे पुनरागमन विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंकांमुळे झाले. ते १९६९मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून शिबिरे सुरू झाली, १९९४मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले.

तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा काही आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्याचा आधार घेऊन टीसडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून एक पद्धत बसवली. मनात आलेला विचार हा केवळ विचार आहे, सत्य नव्हे, हे रुग्णाने पाहायला शिकायचे. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीचा निकाल नीट वाचावा असा आहे. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. दोनच झटके आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष जाहिरातींत कधी येत नाही. पण उपचार कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, हे कळणे म्हणजेच वैद्यक.

ध्यानाचा त्रासही होऊ शकतो. विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल या संशोधकांनी २०१७मध्ये ध्यान करणाऱ्या अनेकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांत भीती, झोप उडणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे अनुभव आहेत. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दीर्घ मौनशिबिरात थेट जाऊ नये. चांगली केंद्रे प्रवेशअर्जातच याची विचारणा करतात. अर्जात आजार लपवणे जिवावर बेतू शकते.

श्रद्धेच्या जागी होणाऱ्या उपचारांच्याही दोन बाजू आहेत, आणि तमिळनाडूने त्या दोन्ही पाहिल्या आहेत. दिंडुक्कल जिल्ह्यातल्या एका देवळात मानसिक रुग्ण काही आठवडे राहत असत. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेचे रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३१ जणांना येताना व जाताना तपासले. त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालेली आढळली आणि २००२मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. आश्वासक जागा, सोबत नातेवाईक, रोजची कामे, कोणताही जाच नाही, असे तेथले वातावरण होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे फार मोठा दावा करता येणार नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, रामनाथपुरम् जिल्ह्यातल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले. श्रद्धेच्या दोन जागा. एकीत माणसाला माणूस म्हणून ठेवले, दुसरीत जखडून. फरक श्रद्धेने पडला नाही, वागणुकीने पडला.

म्हणून सांगड घालायची तर तंजावूरच्या रीतीने घालावी. योगशिक्षक, ध्यानाचा आचार्य आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी एकाच रुग्णाची एकच वही ठेवावी. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामावर जाणे जमते का, मरणाचे विचार येतात का, हे तिघांनी पाहावे आणि लिहावे. औषध चालू असेल तर शिबिराच्या उत्साहात ते बंद करू नये. कमी करायचे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. साध्या ताणासाठी रोजचा प्राणायाम, थोडे ध्यान, मनाचे श्लोक पुरेसे होतील. खोल नैराश्यात किंवा भास होत असताना तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

२०१५–१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोचतच नाहीत, असे आढळले. या माणसांना आधी कोणतेतरी जाणते दार सापडायला हवे. घरात कोणी असे असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते, तमिळमध्येही.