अडकलेल्या दारापुढे यंत्रमानव

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, की कोकणातल्या जुन्या घरांत हमखास एक-दोन दारे अडकू लागतात. आठवडाभर घरचे लोक ओढून-ढकलून काम भागवतात आणि मग सुताराला निरोप जातो. सुतार येतो, दार दोनदा उघडून मिटून बघतो, वरची बिजागरी हलवून पाहतो, चौकटीवर बोटाने टकटक करतो. दार नेमके कशाने अडकले, हे त्याला आधी ठरवायचे असते. लाकूड दमटपणाने फुगले असेल, बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार झुकले असेल, चौकट आतून वाळवीने पोखरली असेल, किंवा नव्या फरशीने जमीनच अर्धा इंच वर आली असेल. लक्षण एक, कारणे चार आणि इलाजही चार. फुगलेल्या दारावर पावसाळ्यात घाईने जास्त रंधा मारला, तर दिवाळीनंतर तेच दार आक्रसते आणि फटीतून वारा येऊ लागतो.

हे काम उद्या यंत्र करील का? अशा प्रश्नांचे उत्तर आकड्यांत देण्याचा एक गाजलेला प्रयत्न २०१३ मध्ये झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील कार्ल बेनेडिक्ट फ्राय आणि मायकेल ऑस्बर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेतले आणि प्रत्येक व्यवसाय यंत्रांच्या व संगणकांच्या हाती जाण्याची शक्यता मांडली. अमेरिकेतील ४७ टक्के रोजगाराला मोठी जोखीम आहे, हा त्यांचा निष्कर्ष जगभर गाजला. त्या यादीत सुताराचा आकडा ७२ टक्के होता, वर्कशॉपमध्ये कपाटे बनवणाऱ्या सुताराचा ९२ टक्के, तर इलेक्ट्रिशियनचा फक्त १५ टक्के.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. ७२ टक्के याचा अर्थ शंभरातले बहात्तर सुतार घरी बसणार, असा होत नाही. ते काम तांत्रिकदृष्ट्या यंत्राकडे देता येण्याची ती शक्यता आहे. संशोधकांनी आधी ७० व्यवसायांबाबत स्वतः निवाडा केला होता आणि त्यावरून उरलेल्यांचा अंदाज संगणकाच्या प्रारूपाने बांधला. २०१६ मध्ये ‘ओईसीडी’ या संघटनेसाठी झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने वेगळी वाट धरली. एकाच व्यवसायातला माणूस दिवसभरात अनेक तऱ्हेची कामे करतो, म्हणून त्या अभ्यासाने अख्ख्या व्यवसायाऐवजी त्यातली वेगवेगळी कामे मोजली. तेव्हा २१ देशांत मिळून मोठ्या जोखमीतल्या नोकऱ्यांचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवर आले.

सुतारकामाला हीच मोजपट्टी लावली, की चित्र बरेच स्पष्ट होते. प्लायवूड किंवा एमडीएफचा तक्ता सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. त्यात गाठ नसते, वाक नसतो. असा तक्ता संगणकावरच्या आराखड्याप्रमाणे कापणे, त्याला नेमक्या जागी भोके पाडणे, कडेला पट्टी चिकटवणे ही कामे यंत्रे आजच माणसापेक्षा वेगाने आणि अचूक करतात. पूर्वी नव्या फ्लॅटमध्ये सुतार महिनाभर हॉलमध्ये दुकान मांडून बसत. आता मॉड्युलर किचनचे सुटे भाग कारखान्यातून टेम्पोने येतात आणि जोडणी करणारे दोघे-तिघे ते थोड्या दिवसांत बसवून जातात. सुतारकामाचा हा भाग यंत्राकडे गेला आहे आणि तो परत येण्याची चिन्हे नाहीत.

दुरुस्तीची गोष्ट निराळी आहे. खरे लाकूड ओलाव्याने फुगते आणि सुकले की आक्रसते, पण सगळ्या बाजूंनी सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्यात जवळपास काहीच फरक पडत नाही. वाढीच्या वलयांना समांतर मात्र ते वलये छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आक्रसते. त्यामुळे एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगवेगळ्या वाकतात. शिवाय दुरुस्तीला आलेली प्रत्येक वस्तू आधी कोणी तरी वापरलेली, ठोकलेली, रंगवलेली असते. तिचा आराखडा कुठेच साठवलेला नसतो.

अशा ठिकाणी हाताचे मोल कळते. आपल्या एका हातात २७ हाडे असतात आणि तळव्याच्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार चेतातंतू पोहोचलेले असतात. स्टॉकहोममधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की माणसाच्या बोटाला जेमतेम १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभागही गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा वेगळा ओळखता येतो. केसाची जाडीच ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. रंधा मारल्यावर सुतार फळीवरून तळहात फिरवतो, तेव्हा तो हेच मापयंत्र वापरत असतो. स्वीडनमधील शास्त्रज्ञ रोलंड योहान्सन यांच्या प्रयोगात बोटांची टोके बधिर केल्यावर काडेपेटीतली काडी ओढण्यासारखे साधे कामही अवघड होऊन बसले. स्नायू शाबूत, डोळे शाबूत, पण स्पर्शाची बातमी मेंदूला मिळत नसली, की हात चाचपडतो.

यंत्रमानव याच जागी अडखळतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेने २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात यंत्रमानवांची स्पर्धा भरवली. दार उघडणे, व्हॉल्व फिरवणे, ड्रिलने भिंत कापणे अशी आठ कामे होती. विजेत्या कोरियन यंत्रमानवाला त्यासाठी ४४ मिनिटे २८ सेकंद लागले आणि अनेक यंत्रमानव तर धडपडून पडले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात दोन यांत्रिक हातांनी सुट्या भागांची खुर्ची जोडली. वेळ लागला सुमारे २० मिनिटे आणि त्यातली ११ हालचालींची आखणी करण्यातच गेली. तेव्हापासून तंत्रज्ञान पुढे गेले आहे आणि जाईलही. पण ती खुर्ची नवी होती, तिचे सगळे भाग ठरलेल्या मापाचे होते. हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच नोंदवले होते, की संगणकाला चेकर्ससारखा पटावरचा खेळ शिकवणे त्या मानाने सोपे, वर्षभराच्या मुलाची चालण्या-पकडण्याची समज देणे महाकठीण. नऊ वर्षांनी संगणकाने बुद्धिबळातील विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवले. अडकलेले दार मात्र अजून सुतारासाठीच थांबते.

काही कामे यंत्राने लवकर न्यावीत, असे आरोग्यशास्त्रच सांगते. लाकडाची बारीक धूळ नाकाच्या आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचे कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले. एमडीएफ आणि प्लायवूडच्या गोंदात वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइडही त्याच वर्गात मोडते. बंद फ्लॅटमध्ये तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तक्ते कापण्यापेक्षा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रावर ते कापलेले केव्हाही बरे. बोटांचेही तसेच आहे. त्वचेचा स्पर्श होताच सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवणारी गोल करवत दोन दशकांपासून उपलब्ध आहे, पण साध्या करवतीपेक्षा ती बरीच महाग पडते.

खरी चिंता वेगळीच आहे आणि ती शिकण्याची आहे. सुताराच्या हाताखालचा पोऱ्या आधी टेपचे दुसरे टोक धरतो, मग पट्ट्या कापतो, घासकाम करतो, खाचा पाडतो. शेकडो वेळा केलेल्या या कंटाळवाण्या कामातून लाकूड कसे वागते हे त्याच्या हाताला कळते आणि त्यानंतर कुठे त्याला दुरुस्तीचे निदान करता येऊ लागते. यंत्राने नेली ती नेमकी हीच पहिली पायरी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत सुतारकामासह १८ व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते. त्याचा उपयोग आहेच, पण वाळवी लागलेली चौकट आवाजावरून ओळखायला आठवडा पुरत नाही.

दुसरा धोका वस्तूंच्या घडणीत आहे. सागवानी कपाटाचा कुजलेला पाय कापून नवा तुकडा जोडता येतो. भुशाच्या दाबलेल्या तक्त्याला पाणी लागले, की तो फुगून भुसभुशीत होतो आणि एकदा निसटलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. अशी वस्तू फेकून नवी आणणे स्वस्त पडते. म्हणजे तिथे दुरुस्तीवाल्याचे काम यंत्रमानवाने घेतले नाही, ते कामच उरले नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यासाठी निवडलेली क्षेत्रे शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती उपकरणे आणि वाहने ही होती. फर्निचरचा त्यात समावेश नव्हता.

त्यामुळे येत्या काळात किती सुतार उरतील, हे बरेचसे ग्राहकावर अवलंबून राहील. नवे कपाट करून घेताना पाण्याजवळच्या भागाला कोणता तक्ता वापरला, बिजागऱ्या पुढे बदलता येतील का, एखादा भाग सुटा काढता येईल का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी दुरुस्तीची वाट मोकळी राहते. आणि दुरुस्तीला आलेल्या सुतारासोबत एखादा शिकाऊ मुलगा असेल, काम अर्धा तास लांबत असेल, तर तो अर्धा तास त्याला द्यावा. वीस वर्षांनी पावसाळ्यात दार अडकेल, तेव्हा तोच येणार आहे.