बिजागरीचे रिव्हॉल्वर

अडकित्ता उघडताना त्याचे दोन भाग एका खिळ्याभोवती फिरतात. एकोणिसाव्या शतकातील एका जातीचे रिव्हॉल्वर असेच उघडत असे. वरची खिट्टी सोडून नळी खाली दाबली की नळी व सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकत. त्याच हालचालीत तारकेच्या आकाराचा एक तुकडा वर येई आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने 1870 मध्ये असे ‘मॉडेल 3’ बाजारात आणले.

इटलीतील उबेर्ती ही कंपनी आज त्याच्या प्रतिकृती बनवते. अमेरिकेत त्यांची किंमत हजार डॉलरच्या वर जाते. कोल्ट कंपनीच्या 1873 च्या अखंड चौकटीच्या रिव्हॉल्वरची उबेर्तीचीच प्रतिकृती मात्र बरीच स्वस्त मिळते. दोन्ही यंत्रे एकाच काळातली, पोलादही सारखेच. मग हा फरक कशाचा?

आधी ओढ कशाची ते पाहू. कोल्टमधून पुंगळ्या एकेक करून सळईने ढकलून काढाव्या लागत. घोडेस्वाराला हे फार गैरसोयीचे. मेजर जॉर्ज स्कोफील्ड या घोडदळाच्या अधिकाऱ्याने मॉडेल 3 ची खिट्टी नळीवरून काढून चौकटीवर बसवली, त्यामुळे ती एका हाताने उघडता येऊ लागली. जुन्या पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांतील हौशी मंडळींना हीच चपळाई मोह घालते. (‘अनफरगिव्हन’ या 1992 च्या चित्रपटात तर एका पात्राचे नावच या रिव्हॉल्वरवरून पडले आहे.)

आता थोडे गणित करू. पॉइंट 45 कोल्ट काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 14,000 पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 980 किलोग्रॅम आहे. गोळीचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 1 चौरस सेंटिमीटर. गुणाकार जवळपास एक टन येतो! हा जोर क्षणभरच, पण चौकटीच्या मागच्या भिंतीला मागे रेटतो. उलट नळीला घुसणारी गोळी पुढे ओढते. ही ओढ खालच्या खिळ्याच्या बरीच वरून लागत असल्याने रिव्हॉल्वर उघडू पाहते. ते अडवायचे खिट्टीने. सगळा एक टन तिच्यावर येत नाही हे खरे, तरी धक्क्याधक्क्याने ती झिजली की फट वाढत जाते. म्हणून खिळा, खिट्टी आणि पुंगळ्या काढणारी यंत्रणा फार काटेकोर बसवावी लागते. जास्तीचे पैसे मुख्यतः या कामाचे.

वर्गात पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चौकटी कापाव्यात. एकीची वरची पट्टी कापून कागदाच्या तुकड्याने जोडावी व दोन्ही आडव्या ताणाव्यात. कोणती कोठे उघडते हे मुलांना सांगावे लागत नाही.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे 2014 मधील ‘निर्भीक’ही असेच उघडते. त्याचे पॉइंट 32 काडतूस बारीक असल्याने, वरच्याच हिशेबाने, जोर सुमारे निम्म्यावर येतो.

प्रतिकृतीची खरी गंमत पुढेच आहे. स्कोफील्डच्या काडतुसाची पुंगळी 28 मिलिमीटर लांब, तर कोल्टची साडेबत्तीस. कोल्टमध्ये दोन्ही चालत, स्कोफील्डमध्ये फक्त आखूड. सैन्याच्या पुरवठ्यात याने घोळ झाला. आजच्या गिऱ्हाइकाला सहज मिळते ते लांब काडतूस, म्हणून उबेर्तीने सिलिंडर लांब केला. चौकट मात्र त्या प्रमाणात वाढवली नाही. मग जागा आली कोठून? सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटे कडे होते, ते आखूड करून.

हे कडे मूळ कारागिरांनी उगाच ठेवले नव्हते. नळी आणि सिलिंडर यांच्यातील फटीतून दर बाराला जळकी काजळी उडते. कडे ती सिलिंडरच्या आसापासून दूर ठेवी. धूररहित दारूत काजळी थोडी, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण जुनी मजा पुरेपूर अनुभवायची म्हणून कोणी काळी दारू भरली, की थोड्याच बारांत आसावर काजळी बसते आणि सिलिंडर अडखळू लागतो. स्मिथ अँड वेसनने स्वतः 2000 च्या सुमारास स्कोफील्ड पुन्हा काढले तेव्हा आखूड काडतूसच ठेवले. आमच्या मते यंत्राला धरून तेच होते. पण दुकानात सहसा न मिळणाऱ्या काडतुसाचे रिव्हॉल्वर किती जण घेणार? 2003 नंतर ते बनणे थांबले.