राकू : धगीतून उचललेले भांडे

भट्टी पुरती निवल्याशिवाय भाजलेले भांडे बाहेर काढू नये, असा कुंभारकामाचा सर्वसाधारण नियम आहे. कारण तापलेल्या मातीला एकाएकी गार हवा लागली की ती तडकते. जपानमधील क्योतो शहरात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेली राकू ही पद्धत मात्र हा नियम मोडूनच उभी राहिली आहे. झिलई, म्हणजे भांड्यावर दिलेला आणि भाजल्यावर काच होणारा लेप, वितळून चकाकत असतानाच भांडे लांब चिमट्याने धरून भट्टीबाहेर ओढले जाते.

या पद्धतीचा उगम चहापानाच्या विधीत आहे. त्या विधीला साधेपणाचे वळण देणारे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांना आपल्या कल्पनेतले वाडगे हवे होते आणि ते चोजिरो या कारागिराने घडवले. हे वाडगे चाकावर फिरवत नाहीत. मातीचा गोळा थापून, तळहातांनी कडा उचलून आकार दिला जातो आणि मग हत्याराने जादा माती खरवडली जाते, त्यामुळे वाडग्याचा घेर हाताच्या ओंजळीशी जुळतो. काळ्या राकूची झिलई कामो नदीतल्या दगडांची पूड करून बनवतात व तिचे थरावर थर देतात. लोणारी कोळसा आणि भाता यांच्या बळावर लहानशा भट्टीत वाडगा भाजला जातो. झिलईतल्या लोहामुळे, आणि धगीतून काढून झपाट्याने निववल्यामुळे, तिला तो गहिरा काळा रंग येतो. चिमट्याने जेथे पकडले तेथला व्रण वाडग्यावर कायम राहतो आणि जाणकार तो दोष मानत नाहीत. लाल राकू याहून कमी उष्णतेवर भाजतात. विरळ, सच्छिद्र मातीतून उष्णता सावकाश बाहेर येत असल्याने गरम चहा भरलेला वाडगा दोन्ही हातांत निवांत धरता येतो, आणि या भांड्याचे खरे मोठेपण पाहण्यापेक्षा धरण्यात आहे.

चोजिरोनंतर राकू हेच घराण्याचे नाव झाले आणि ते काम आज सोळाव्या पिढीच्या हाती आहे. मातीही पिढ्यांच्या हिशेबाने साठवली जाते : पूर्वजांनी मिळवून मुरत ठेवलेली माती वंशज वापरतात आणि स्वतः मिळवलेली पुढच्यांसाठी ठेवतात. विक्रीची रीतही याच गांभीर्याची आहे. वाडगा लाकडी पेटीतून दिला जातो, पेटीवर कर्त्याची सही असते, आणि एखाद्या चहाआचार्याने तिच्यावर वाडग्याचे नाव लिहिले तर त्याचे मोल फार वाढते. चोजिरोच्या एका काळ्या वाडग्याचे नाव ‘शुंकान’ आहे. रिक्यू यांनी दूरच्या शिष्याकडे तीन वाडगे पाठवले, त्यांतले दोन परत आले आणि एक तेथेच राहिला, म्हणून बेटावर एकाकी सोडलेल्या शुंकान या भिक्षूचे नाव त्याला मिळाले, अशी परंपरा सांगते.

पाश्चात्त्य जगात राकू पोहोचले ते इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यामुळे. १९११ साली तोक्योतल्या एका मेजवानीत पाहुण्यांनी रंगवलेली भांडी तेथल्या तेथे भाजलेली पाहून ते या कलेकडे वळले. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी तापलेले भांडे पालापाचोळ्यात धुरवण्याचे प्रयोग केले आणि आज जपानबाहेर राकू म्हणून बहुधा हीच पद्धत ओळखली जाते. भाजलेल्या मातीची भरड मिसळलेल्या चिकणमातीचे भांडे एकदा भाजून, झिलई देऊन, सुमारे ९०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच भुसा किंवा कागद भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून वर झाकण दाबतात. आतला प्राणवायू संपत आला की आग झिलईतल्या तांब्याच्या संयुगांमधला प्राणवायू ओढून घेते आणि पृष्ठभागावर तांब्याची धातुमय झळाळी उमटते. झिलई नसलेली माती धुराने काळी होते, तर पांढऱ्या झिलईला पडलेल्या बारीक चिरांत काजळी शिरून जाळीदार नक्षी तयार होते.

असे भांडे विकणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. ही माती पुरती घट्ट होत नाही आणि झिलईला चिरा असतात, म्हणून भांड्यात पाणी झिरपते, अन्नाचे कण अडकतात. शिवाय कमी उष्णतेवर वितळणाऱ्या झिलयांत पूर्वी शिसे सर्रास वापरले जाई. त्यामुळे ते शोभेचे आहे, फुलदाणी असेल तर आत काचेचे पात्र ठेवावे, आणि तांब्याची झळाळी दमट हवेत व उन्हात वर्षानुवर्षांनी मंदावू शकते, हे गिऱ्हाइकाला पैसे मोजण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. चहाच्या वाडग्यांचे नाव सांगून शोभेची वस्तू पेला म्हणून खपवणे ही फसवणूकच होय. किमतीची बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडावी लागते : प्रत्येक भांडे एकेकटे उचलावे व धुरवावे लागते, काही चिमट्यातच तडकतात, आणि त्या फुटलेल्यांची मजुरी, माती व इंधन यांचा भार तगलेल्या भांड्यांच्या किमतीवरच पडतो.