दंतक्षयकारक जीवाणू आणि वनस्पतिजन्य संयुगे : बावचीतील बाकुचिओलच्या संदर्भात

प्रस्तावना

कडुलिंबाच्या व बाभळीच्या काडीने दात घासण्याची, तसेच वनौषधींची दंतमंजने वापरण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मीरा-भाईंदरमधील बेव्हर्ली पार्कसारख्या नागरी वसाहतीत काडीची जागा ब्रशने घेतली असली, तरी टूथपेस्टच्या वेष्टनावर लवंग, कडुलिंब यांची नावे आढळतातच. वनस्पतीचा अर्क जीवाणूंना मारतो, म्हणून ती वनस्पती दातांचे रक्षण करते, असा तर्क यामागे असतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दंतक्षयाची प्रक्रिया

दंतक्षयाशी निगडित असलेल्या स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स या जीवाणूचे वर्णन जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली केले. ग्लुकोसिलट्रान्सफरेज या विकराच्या साहाय्याने हा जीवाणू साखरेपासून पाण्यात न विरघळणारे चिकट ग्लुकन तयार करतो, त्याच्या आधारे दाताला चिकटून राहतो आणि साखरेच्या किण्वनातून लॅक्टिक आम्ल निर्माण करतो. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. म्हणजेच जीवाणूंचा नाश हा प्रतिबंधाचा एकमेव मार्ग नव्हे. त्यांचे चिकटणे व आम्लनिर्मिती रोखणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

संयुगांचे कार्य

लवंगेतील युजेनॉल जीवाणूच्या पेशीपटलाला इजा पोहोचवते, तर चहातील कॅटेचिने ग्लुकोसिलट्रान्सफरेजचे कार्य रोखतात. या संदर्भात बाकुचिओल हे आणखी एक उल्लेखनीय संयुग आहे. बावचीच्या बियांतील या संयुगाची माहिती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गोवर्धन मेहता, यू. आर. नायक व सुख देव यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी मुखातील जीवाणूंवर त्याची चाचणी घेतली. किमान प्रतिबंधक संहती दर मिलिलिटरला १ ते ४ मायक्रोग्रॅम इतकी अल्प आढळली. याशिवाय बाकुचिओलने काचेच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या जीवाणूंची वाढ आणि माध्यमाचा सामू घटणे या दोन्ही गोष्टींना अटकाव केला.

मर्यादा

तथापि, हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. काच म्हणजे दात नव्हे. मुखात लाळेमुळे संयुग विरल होते, संपर्ककाळ काही मिनिटांचाच असतो आणि दातावरील जैवपटलातील जीवाणू सुट्या जीवाणूंपेक्षा अधिक चिवट असतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आगर-विसरण पद्धतीने मोजलेला प्रतिबंध-वर्तुळाचा व्यास अर्काच्या विसरणक्षमतेवरही अवलंबून असतो. त्यामुळे केवळ व्यासांची तुलना करून एक वनस्पती दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरविणे योग्य नाही.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. बावचीच्या बियांत बाकुचिओलबरोबर सोरॅलेनही असते व ते त्वचेची प्रकाशसंवेदनशीलता वाढवते. म्हणून शुद्ध संयुगावरील निष्कर्ष बियांच्या चूर्णाला जसाच्या तसा लागू होत नाही. भाजलेल्या तंबाखूची मिश्री हीदेखील वनस्पतिजन्यच होय. ती दातांना लावण्याची सवय महाराष्ट्रातील अनेक घरांत रुजली आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका तिच्यासोबत आला. टूथपेस्ट व टूथपावडरमधील तंबाखूच्या वापरावर केंद्र शासनाला १९९२ मध्ये बंदी घालावी लागली.

निष्कर्ष

वनस्पतिजन्य संयुगांचे मोल ती किती जीवाणू मारतात यापेक्षा दंतक्षयाच्या प्रक्रियेतील कोणता टप्पा रोखतात यावरून ठरवणे अधिक उचित आहे. त्यासाठी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे चिकटण्याच्या, सामूच्या व जैवपटलाच्या चाचण्या घेणे आवश्यक आहे. तोवर साखरेचे मर्यादित सेवन व फ्लोराइडयुक्त पेस्टने नियमित दंतधावन यांना ही संयुगे पूरक ठरू शकतील, पर्याय नव्हे.