सुई डोळ्यांदेखत उघडावी

आई गेली त्या दिवशी तिच्या अंगावरचं सोनं उतरवताना मी तिथंच बसलो होतो. पोत निघाली, बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं. मनगटावरची तुळस तेवढी राहिली. ती नेहमी म्हणायची, ‘मरानंतर सोनं काढी लेतीन, गोंदन कोन काढी?’ जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. पण ज्यांच्या घरात गुंजभर सोनं नव्हतं, त्या खानदेशी बायकांनी काजळीचा दागिना घडवला आणि तो कुणाला गहाण टाकता आला नाही की चोरता आला नाही.

यंदा धुळ्यात शिकणारी माझी भाची म्हणाली, “मामा, आजीची तुळस मला माझ्या मनगटावर हवी.” टॅटू काढणारा मुलगाही तिनं शोधून ठेवला होता. “त्याच्याकडे वायरलेस मशीन आहे, चार्जिंगचं,” हे तिनं अशा सुरात सांगितलं, जणू तेवढ्यानं सगळ्या शंका मिटाव्यात. माझ्या मिटल्या नाहीत. हे मशीन असतं काय, ते कसं निवडावं आणि कसं वापरावं, याचा मग मी शोध घेतला. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

काजळी, सुया आणि हळद

जुन्या गोंदणाचं साहित्य एका गाठोड्यात मावायचं. बिब्बा जाळून धरलेली काजळी, ती कालवायला पाल्याचा रस किंवा बाळंतिणीचं दूध, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया आणि शेवटी वरून लावायला हळद. गोंदणारीण ओट्यावर बसायची, पोरीचा हात मांडीवर घ्यायची आणि बोलत बोलत टोचत जायची. तुळस, विंचू, चंद्रकोर, लक्ष्मीची पावलं, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. सातपुड्याच्या भिल्ल बायकांच्या डोळ्यांच्या कडेलाही गोंदण असतं आणि त्यावरून माणूस कुठलं ते ओळखू येतं.

काळ्या काजळीचं गोंदण हिरवट-निळं का दिसतं, हे कोडं मला लहानपणापासून होतं. काजळी म्हणजे कार्बन, तो त्वचेच्या आत काळाच राहतो. पण वरच्या त्वचेतून जाताना प्रकाश विखुरतो, निळा भाग जास्त परततो आणि आपल्या डोळ्यांना हिरवट छटा दिसते. गोंदण टिकतं कसं, याचा उलगडाही अलीकडचा आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं, की त्वचेतल्या रक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्या मरतात तेव्हा सुटलेले कण नव्या पेशी उचलतात. म्हणजे आईच्या हातावरची तुळस साठ वर्षं पेशींच्या पिढ्यांनी हातोहात सांभाळली होती.

यात्रेतली बॅटरी

धुळ्याची पांझरेकाठची एकवीरा देवीची यात्रा, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवची महाशिवरात्र, सारंगखेड्याची दत्तजयंती. सारंगखेडं १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारात आहे. माझ्या लहानपणी यात्रा म्हटली की रहाटपाळणा, गोडीशेव आणि गोंदणवाला. फुलं, बदाम, नावं आणि देवांची चित्रं रंगवलेली पाटी समोर, हातात घरीच जुळवलेलं छोटं मोटरचं मशीन आणि बाजूला बॅटरी. मशीन भुणभुणायला लागलं की पोरं गोळा व्हायची. म्हणजे वायरीचा प्लग न शोधता चालणारं मशीन खानदेशाला नवं नाही.

या मशीनचा पूर्वजही बॅटरीवरच चालायचा. थॉमस एडिसननं १८७६मध्ये विजेच्या पेनचं पेटंट घेतलं. पेनाच्या माथ्यावर इवलीशी मोटर, खाली वरखाली होणारी सुई आणि टेबलावर ओली बॅटरी. त्यानं कागदाला बारीक भोकं पाडायची आणि त्यातून शाई फिरवून प्रती काढायच्या, एवढाच हेतू. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं तीच कल्पना कातडीकडे वळवली आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. पुढं चुंबकाच्या कॉइलची जड मशीनं आली, त्यांच्याबरोबर पॉवर सप्लाय, वायर आणि पायाचं पेडल आलं. लिथियम बॅटरी स्वस्त आणि लहान झाल्यावर हे लटांबर गळालं आणि मशीन पुन्हा पेनासारखं झालं.

निवडताना काय पाहावं

हातात धरायचं मशीन म्हणून पहिली कसोटी वजनाची. बरीच वायरलेस मशीनं दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. आकडा लहान वाटतो, पण सलग तीन तास तेवढं वजन थरथरत धरलं की मनगट बोलायला लागतं. बॅटरी शेंड्याला असते, त्यामुळं तोल मागं जातो का, हे दुकानात हातात धरूनच कळतं.

दुसरी गोष्ट स्ट्रोकची, म्हणजे सुई एका फेऱ्यात किती वरखाली होते त्याची. साधारण अडीच-तीन मिलिमीटरचा स्ट्रोक हलक्या शेडिंगला बरा, चार किंवा त्याहून अधिक ठळक लाइनिंगला. साडेतीनच्या मशीनवर दोन्ही निभतं. नव्यानं शिकणाऱ्यानं तेच घ्यावं. मोटर दाबाखाली मंदावते का, तेही पाहावं. रेघ ओढताना वेग पडला, तर तीच रेघ पुन्हा गिरवावी लागते आणि कातडी सोलवटते.

तिसरी बॅटरी, आणि इथं खानदेशाचा प्रश्न वेगळा आहे. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच तेवढी तापते, आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिकी तर त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा बॅटरी डिकीत ठेवू नये, मशीनमधून काढून सावलीत गार होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. बॅटरी काढता येईल असंच मशीन घ्यावं आणि दुसरी भरलेली जवळ असावी. तुळशीचं वृंदावन झालं आणि पानं राहिली, असं कुणाच्या हातावर होऊ नये.

चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची, आणि ती मशीनबरोबर मिळत नाही. ती म्हणजे कार्ट्रिज. यात सुया आधीच बसवलेल्या, निर्जंतुक केलेल्या आणि एकदाच वापरायच्या असतात. चांगल्या कार्ट्रिजमध्ये एक लवचीक पडदा असतो. तो शाई आणि रक्त मशीनमध्ये मागं शिरू देत नाही. मशीन आणि बॅटरी ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत, १२१ अंशांच्या वाफेत दोन्ही खराब होतील. म्हणून आत गेलेलं रक्त आतच राहतं. पडदा नसलेलं स्वस्त कार्ट्रिज घेऊन महाग मशीन वापरणं, हे गळक्या पोहऱ्यानं पाणी शेंदण्यासारखं आहे.

हात बसेपर्यंत

वरची त्वचा सतत झडत असते. तिथंच थांबलेली शाई काही आठवड्यांत जाते. फार खोल गेली तर रेघ आत पसरते आणि कडेला निळसर डाग राहतो. नेम धरायचा तो साधारण दीड-दोन मिलिमीटरवर. सुई सेकंदाला शंभरच्या आसपास फेऱ्या मारत असते, तेव्हा ही खोली हातानं राखायची असते. त्यासाठी दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरावी लागते. ती ढिली राहिली तर सुई उड्या मारते.

हा सराव माणसावर करायचा नसतो. सिलिकॉनची कातडी मिळते, आणि जगभर शिकाऊ हात केळ्याच्या सालीवरही बसवले जातात. २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं आपल्या दारात आहे. साल पातळ, गोलाई मनगटासारखी. सुई खोल गेली तर साल लगेच चुगली करते. शाई न घेता टोचलं तरी थोड्या वेळानं तपकिरी ठिपके उमटतात आणि हाताची चूक डोळ्यांना दिसते. रावेर-यावलच्या पोरांना यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

सुईशी जोडलेलं सगळं

यात्रेतल्या त्या मशीनची आठवण आली की आता अंगावर काटा येतो. एकच सुई, एकच शाईची वाटी, पाठोपाठ माणसं. मध्ये फडकं फिरवलं की झालं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही त्याच सुईतून येतो. म्हणूनच आपल्याकडे गोंदवल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. टॅटू काढणाऱ्यानं स्वतः हिपॅटायटिस बीची लस पूर्ण घेतलेली असावी.

इथं वायरलेस मशीनचा खरा फायदा आहे. वायर नाही, म्हणजे रक्ताळलेल्या हातमोज्याची बोटं लागणारी एक लांब वस्तू कमी झाली. अख्खं मशीन प्लास्टिकच्या वेष्टनात झाकता येतं आणि ते वेष्टन प्रत्येक माणसामागं बदलता येतं. वापरलेली सुई दवाखान्यातल्यासारख्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जावी. शाई मूळ बाटलीतून छोट्या टोपणात घ्यावी आणि उरलेली फेकावी. शाईचं लेबलही वाचावं. युरोपीय संघानं जानेवारी २०२२पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. सावळ्या कातडीवर काळा रंग सर्वांत स्वच्छ टिकतो, हे तर आपल्या आज्यांना आधीच माहीत होतं.

भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना एक सांगणं. सैन्यभरतीत कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूस, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागच्या बाजूसच चालतं. आदिवासींच्या परंपरागत गोंदणाला त्यात सवलत आहे. दंडावर वाघ काढण्याआधी जाहिरात वाचावी.

तुळस

धुळ्याला मी भाचीबरोबर गेलो. तिच्या मोबाइलमध्ये आजीच्या मनगटाचा जुना फोटो होता. त्या मुलानं त्यावरून स्टेन्सिल काढलं आणि म्हणाला, “ताई, वृंदावनाच्या खालचा हा ठिपका वाकडा पडलाय. सरळ करून देऊ?” भाची म्हणाली, “नको, आजीच्या हातावर आहे तसाच राहू दे.”

मी मशीनची कंपनी विचारली नाही. त्यानं मशीनला नवं वेष्टन चढवलं, हातमोजे बदलले आणि कार्ट्रिजचं पाकीट आमच्यासमोर धरून त्यावरची मुदत दाखवली. मग ते फाडलं. पाऊण तासानं तुळस उमटली, वाकड्या ठिपक्यासकट. त्यानं कार्ट्रिज काढून डब्यात टाकलं, त्याचा आत पडल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला आणि मगच उठलो.