पाळी : खनिजाच्या गावाचा जमाखर्च

साखळी मागे टाकून उसगावच्या बाजूला निघाले की गोव्याच्या डिचोली तालुक्याच्या दक्षिण भागात पाळी गाव लागतो. पाळी-कोठंबी ही इथली पंचायत. मतदारसंघांची फेररचना होण्यापूर्वी पाळी नावाचा विधानसभा मतदारसंघच होता. मुख्यमंत्री प्रमोद सावंत कोठंबीचे. 2008 च्या पोटनिवडणुकीत ते पाळीतूनच पहिल्यांदा उभे राहिले आणि हरले. मात्र गोव्याला पाळी ठाऊक आहे ती खाणींसाठी. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले डोंगर, टाकाऊ मातीचे तांबडे डंप आणि पावसाळ्यात शेतांत उतरणारा गाळ या पट्ट्यात नजर जाईल तिथे दिसतो.

अशा गावातला रस्ता, नळ, पूल कोणाच्या पैशाने होतो? पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यवसाय परवाने आणि बांधकाम परवान्यांचे शुल्क. त्यातून गटार दुरुस्त होते, एखादी पायवाट होते. पंधराव्या वित्त आयोगाने थेट पंचायतींना पैसे दिले, पण त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले. जड ट्रकांखाली खचणारा रस्ता हॉटमिक्स करायचा तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडेच जावे लागते.

गोव्यातल्या गावांना एके काळी अशी वाट पाहावी लागत नसे. गावकरी संस्था शेतजमिनींची पावणी, म्हणजे लिलाव, करी, आलेल्या पैशातून बांध, मानशी (पाणी अडवणारी दारे), देऊळ, वाटा सांभाळी आणि उरलेली रक्कम गावकारांना जोण म्हणून वाटी. त्यात अन्याय होताच; शेत कसणाऱ्या प्रत्येकाला जोण मिळत नसे. पण गावाच्या जमिनीतून निघालेला पैसा आधी गावाच्या बांधावर खर्ची पडे, हा क्रम पक्का होता.

खाणींनी तो क्रम उलटा केला. पोर्तुगीज अमदानीतली खाण-कन्सेशन 1987 च्या कायद्याने लीज झाली, माल मांडवीच्या बार्जवरून मुरगावला आणि तिथून जपान-चीनला गेला. गावात नोकऱ्या आल्या, ट्रक आले, कर्जेही आली. धूळ सोसणाऱ्या गावांसाठी गोव्याने 2000 साली ग्रामीण सुधारणा व कल्याण उपकराचा कायदा केला. त्याच साली खाण कंपन्यांनी मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा स्थापन केले. गाळ उपसणे, पाण्याची सोय करणे अशी कामे त्यातून झाली. तरी कंपनीच्या मर्जीने झालेले काम आणि गावाच्या हक्काचे काम यांत मला फरक वाटतो.

हक्काची भाषा कायद्यात आली ती केंद्राच्या खाण-खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने. जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा निधी खाणग्रस्तांसाठी म्हणून वेगळा ठेवला गेला. त्याचा हिशेब प्रत्येक ग्रामस्थाने एकदा मांडून पाहावा. लोहखनिजावरची रॉयल्टी 15 टक्के. सरकारने ठरवलेल्या सरासरी विक्री दराने 100 रुपयांचा माल निघाला तर सरकारला 15 रुपये. जुन्या लीजवर या रॉयल्टीच्या 30 टक्के, म्हणजे साडेचार रुपये, या निधीत यायचे. लिलावाने दिलेल्या नव्या ब्लॉकवर दर 10 टक्के, म्हणजे दीड रुपया. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने गोव्यातल्या 88 लीज रद्द झाल्या आणि आता लिलावाचेच युग आहे. लिलावात बोललेला प्रीमियम राज्याच्या तिजोरीत जातो. ज्या गावाच्या अंगावर डंप उभा आहे त्याचा कायद्याने ठरलेला वाटा मात्र एक तृतीयांशावर आला. मला ही गोष्ट फार लागते.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायम निधी ठेवायला सांगितले. पुढच्या पिढीसाठी ठेवलेला तो पैसा आजच्या गटारासाठी मागू नये.

जिल्हा निधीचे तसे नाही, तो आजच्याच लोकांचा आहे. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातला किमान 70 टक्के पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्चायचा. रस्ते, पूल, सिंचन उरलेल्यातून. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्याच्या बैठकीत खासदार-आमदारही बसतात. गावाचा आवाज तिथे पोहोचतो तो ग्रामसभेच्या ठरावाने. म्हणून रविवारच्या ग्रामसभेत नुसते ‘रस्ता करा’ म्हणून भागत नाही. कोणत्या वाड्यावरच्या विहिरीचे पाणी उतरले, कोणत्या शेतात किती गाळ भरला, कोणत्या शाळेसमोरून ट्रक जातात, हे सर्व्हे क्रमांकासह ठरावात उतरायला हवे.

शेजारच्या कुडण्याचा ब्लॉक लिलावात वेदान्ताकडे गेला आहे. चाके पुन्हा फिरतील तेव्हा हा ठराव आधीच जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असावा, पंचायतीच्या शिक्क्यासकट.