हळदीचा आवाज आणि आपले कान

लग्नसराईत हळदीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : "डॉक्टर, कानात शिट्टी वाजतेय." मुरबे गावचा एक तरुण खलाशी असाच आला. आदली रात्र तो स्पीकरसमोर नाचला होता. कानात मळ नव्हता, पडदाही शाबूत होता. इजा त्याच्याही आत होती.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्यातील सूक्ष्म केसपेशी ध्वनीचे संदेश मेंदूकडे पाठवतात. अतिमोठ्या आवाजाने या पेशी आधी थकतात, मग मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाही, म्हणून असा बहिरेपणा औषधाने भरून निघत नाही.

साधारणपणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! बोटीच्या इंजिनाशेजारी काम करणाऱ्यांच्या कानांवर तर आधीच भार असतो. आणि इंजिनाचा बदललेला आवाज वेळीच ऐकू आला नाही, तर समुद्रात जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ त्याला बंदी आहे. शासन सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. घरची हळद त्यात बसत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर शासन शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे निर्बंध उचलून धरले. तक्रारीसाठी ११२ क्रमांक आहे.

पण शेजाऱ्याच्या मांडवात पोलीस बोलावणे कोणाला आवडेल? त्यापेक्षा ग्रामसभेत आधीच ठराव करून वेळ ठरवून घ्यावी, हे बरे. तान्ही मुले, बाळंतिणी आणि रक्तदाबाचे रुग्ण स्पीकरपासून दूर असावेत. नाचणाऱ्यांनीही अधूनमधून लांब जाऊन कानांना विश्रांती द्यावी. कानात कापूस घालून भागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे वापरावेत. दुसऱ्या दिवशीही शिट्टी थांबली नाही किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर कानात तेल न घालता लगेच कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

त्या तरुणाची शिट्टी तीन दिवसांनी थांबली. पुढच्या वेळीही थांबेलच, याची हमी मी त्याला दिली नाही. हळद जोरात होऊ द्या. पण दहाच्या आत, आणि कान सांभाळून.